हिरवे टोग्बे

होहो गावच्या लॉरी अड्ड्यामागे, शिंप्याच्या दुकानाला लागून मॅडम केकेली अजोयींचं छपाईचं दुकान आहे. दारावरच्या पाटीवर लिहिलंय: ‘टंकलेखन, झेरॉक्स, रंगीत छपाई. शुद्धलेखन फुकट.’ यातलं शेवटचं वाक्य सोय नसून धमकी आहे, हे गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकल्यावर कळतं. तुम्ही नोकरीचा अर्ज छापायला न्या, लग्नाची पत्रिका न्या, नाहीतर शेजाऱ्याविरुद्धची तक्रार न्या. मॅडम आधी चष्म्यावरून कागद वाचणार, मग तुमच्याकडे बघणार आणि विचारणार, “तुला इंग्रजी कोणी शिकवलं? जिवंत आहेत का ते?”

मुलींच्या उद्योगशाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी टंकलेखन शिकवलं. मुलींच्या हातांवर रुमाल टाकून त्या टाइप करायला लावत, आणि रुमाल हलला की पट्टी चालत असे. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांत आज ज्या बायका बसल्यात, त्या मॅडम दारात दिसल्या की अजूनही पाठ ताठ करतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रंगीत प्रिंटरच का घेतला, त्याला कारण होतं. नवरा वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीची पुस्तिका त्यांनी स्वतःच स्टेन्सिलवर टाइप केली होती. स्टेन्सिलवर फोटो कुठून येणार? वरच्या पानावर नुसता चौकोन. तीसेक प्रतींवर त्यांनी हाताने फोटो चिकटवले, मग फोटो संपले. बाकीच्या लोकांनी रिकाम्या चौकोनाकडे बघून मान खाली घातली. ते मॅडमना फार लागलं होतं. माणूस जाताना त्याचं तोंड नीट दिसलं पाहिजे, रंगासकट, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं.

आणि रंगाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. गिऱ्हाईक रडत यायचं, “मॅडम, घरी छापलं तर सगळं राखाडी येतंय!” मॅडम म्हणायच्या, “प्रिंटरच्या सेटिंगमध्ये काळं-पांढरं निवडून ठेवलंयस. काढ ते.” पाद्रीबुवा यायचे, “लाल अक्षरं गुलाबी का?” “शाई वाचवायची सेटिंग लावलीत, पाद्री. देवाच्या कामात काटकसर?” कोणी म्हणायचं, पानाला पिवळा रंग दिला होता, कागद पांढराच आला. “वर्ड पानामागचा रंग आपण सांगितल्याशिवाय छापत नाही. सांगितलंस का? मग त्याने काय तुझ्या मनातलं ओळखायचं?”

पण काहीही तपासायच्या आधी त्या एक काम न चुकता करायच्या. प्रिंटरचं स्वतःचं चाचणीचं पान काढायच्या. त्यावर काळा, निळा, किरमिजी आणि पिवळा असे चार रंगांचे पट्टे येतात. चारही नीट आले, तर मशीन निर्दोष आणि दोष फाइलमध्ये. “मशीन खोटं बोलत नाही,” त्या म्हणायच्या, “माणसं बोलतात.”

हरमट्टनचे, म्हणजे कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. उत्तरेची धूळ उडत होती आणि ओठ फुटत होते. गुरुवारी सकाळी करेज आग्बेमावा आणि त्याची बहीण आब्ला दुकानात आले. त्यांचे वडील आग्बेमावा, गावाचे टोग्बे म्हणजे आजोबा, ब्याण्णव्या वर्षी गेले होते. कोकोच्या वखारीत आयुष्यभर वजनं केलेला माणूस. शनिवारी पुरायचं होतं. इतकं पिकलं पान गळलं म्हणजे शोक कमी आणि सोहळा जास्त. सगळ्यांनी निळं-पांढरं कापड शिवायला टाकलं होतं, बँड ठरला होता. पुस्तिकेची फाइल राजधानी अक्राहून नातवाने, सेलोर्मने पाठवली होती. सेलोर्म बँकेत कारकून, आणि महत्त्वाचं म्हणजे धाकट्या घरचा. टोग्बेंना दोन बायका. थोरलीची मुलं करेज आणि आब्ला. धाकटी आकुवी, जिला सगळेच आजी म्हणतात, अजून हयात, आणि सेलोर्म तिच्या मुलीचा मुलगा.

“दोनशे प्रती, मॅडम,” करेज म्हणाला. “आणि बाबा झकास दिसले पाहिजेत.”

मॅडमनी फाइल उघडली, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला, एका विशेषणाला कात्री लावली आणि पहिली प्रत काढली.

करेजने कागद हातात घेतला. उजेडात धरला. मग फिरवून धरला.

“मॅडम, बाबा हिरवे दिसतायत.”

“तुमच्या वडिलांना कावीळ होती का?”

“काविळीत माणूस पिवळा होतो, मॅडम. हिरवा नाही होत.”

आब्लाने कागद ओढून घेतला आणि छातीवर हात मारला. “अगं बाई! हे बाबा नाहीत. हा टाय लावलेला सरडा आहे!”

मॅडमनी पाहिलं. टोग्बेंचा चेहरा खरोखरच भेंडीच्या कालवणासारखा दिसत होता. वरची ‘कृतज्ञ निरोप’ ही अक्षरं स्क्रीनवर गडद लाल होती, ती कागदावर बाटलीसारखी हिरवी. इथेच मॅडमनी चाचणीचं पान काढायला हवं होतं. पण कालच तर त्यांनी मशीन पुसून, शाई भरून, देवासारखं सजवून ठेवलं होतं. आपल्या मशीनवर संशय? छे! आपला तो बाब्या.

“फाइलमध्ये घोळ आहे,” त्या म्हणाल्या. “कोणी केली ही?”

“सेलोर्मने,” आब्ला म्हणाली, आणि ते नाव तिने असं उच्चारलं जसं कोणी आमटीतला खडा थुंकतं.

मॅडमनी सेलोर्मला फोन लावला. तो बँकेत होता, दबक्या आवाजात बोलत होता. “मॅडम, माझ्या स्क्रीनवर आजोबा अगदी नीट आहेत.”

“स्क्रीनवर सगळेच नीट असतात! कागदावर कसे उतरतात ते बघायचं असतं. फोटोला काय फासलंस?”

“काही नाही हो. मोबाइलमधून घेतला आणि चिकटवला.”

“चिकटवला म्हणे. पुन्हा पाठव.”

सकाळची धरून दिवसभरात सेलोर्मच्या चार फाइली झाल्या. पहिलीचं नाव ‘आजोबा फायनल’, दुसरीचं ‘आजोबा फायनल खरंच’, तिसरीचं ‘आजोबा शेवटचं’ आणि चौथीचं ‘आजोबा आमेन’. चारही वेळा टोग्बे हिरवेच निघाले.

मॅडम कंबर कसून मागे लागल्या. फोटो काढून पुन्हा घातला. फोटोवर कोणी रंगाची झाक दिली असेल म्हणून तो मूळ रूपावर आणला. अक्षरांचा गडद लाल काढून साधा लाल दिला, तोही हिरवा आला. मजकूर उचलून नव्या कोऱ्या पानावर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की सेलोर्मने पानामागे फिकट निळा रंग दिलाय, पण कागदावर तो उमटतच नाहीये. वर्डच्या पर्यायांत जाऊन त्यांनी पार्श्वभूमीचा रंग छापण्याच्या ओळीपुढे टिक केली आणि बटण दाबलं. पान निळंशार होऊन बाहेर आलं.

“बघा!” मॅडम विजयी सुरात म्हणाल्या. “निळा निळाच येतोय ना? म्हणजे मशीन ठणठणीत. दोष फाइलचाच.”

आब्लाने नव्या पानाकडे पाहिलं. निळ्या पानावर हिरवे टोग्बे. “आधी सरडा होता,” ती म्हणाली, “आता डबक्यातला बेडूक झाला.”

करेज मुळात शांत माणूस. तीस वर्षं त्याने घाटातून ट्रक चालवला होता आणि एकदाही हॉर्न कारणाशिवाय वाजवला नव्हता. पण तोसुद्धा आता डोकं धरून बाकावर बसला. आब्ला मात्र उभीच होती, आणि तिच्या मनात गणित जुळत होतं.

“मॅडम, तुम्ही म्हणता ना दोष फाइलचा?”

“शंभर टक्के.”

“तुमची खात्री?”

“मी सत्तावीस वर्षं शिकवलंय.”

“मग हे मुद्दाम केलंय,” आब्ला म्हणाली. “धाकट्या घराने. हयातभर बाबांना हसले, आता मेल्यावर गावासमोर सोंग काढतायत.” आणि ती तरातरा निघून गेली. करेज मागून “अगं ऐक, अगं थांब” करत धावला.

शुक्रवारी सकाळी मॅडम दुकान उघडत होत्या, तेव्हा करेज एकटाच आला. त्याचा चेहरा पाहून मॅडमच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं.

“मॅडम, सगळं बिनसलं,” तो म्हणाला. “आब्लाने काल तिकडे जाऊन नाही नाही ते ऐकवलं. आकुवी आजीच्या मुली म्हणाल्या, आमच्या पोराने चार दिवस जागून बाप सजवला आणि वर आम्हालाच शिव्या? आम्ही येत नाही जा मातीला. आणि बाबांचं ते मोठं विणलेलं कापड, ज्यात त्यांना ठेवायचंय, ते आजीच्याच पेटीत आहे. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. आता बाबांना काय बनियनवर पुरू?”

“सेलोर्म काय म्हणतो?”

“सेलोर्म रडतोय. बँकेत. काउंटरवर.”

करेज गेला. मॅडम आत येऊन बसल्या. बाहेर शिंप्याचं मशीन खडखडत होतं. पोरगा काउंटरवर रडतोय. चार वेळा फाइल पाठवली त्याने, एकदाही उलटून बोलला नाही. फोटो बदलला तरी हिरवा, अक्षरं बदलली तरी हिरवी, पान बदललं तरी हिरवंच. वर्गात एखादी मुलगी प्रत्येक ओळीत एकाच अक्षराला चुकली, तर आपण काय करायचो? मुलीला ओरडायच्या आधी टाइपरायटरचं ते अक्षर बघायचो.

मॅडमनी उठून चाचणीचं पान काढलं.

काळा पट्टा आला. निळा आला. पिवळा आला. आणि किरमिजीच्या जागी पुन्हा निळाच. लालासाठी पिवळ्यात किरमिजी मिसळावी लागते, त्याऐवजी निळी मिसळली की हिरवंच होणार.

त्यांनी पान दोन्ही हातांनी धरलं. मग हळूच मान वळवून फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. बाजारातली सुटी शाई, चारही बाटल्या एकाच साच्यातल्या, रंगाचं नाव मुंगीच्या पायाएवढं. बुधवारी दुपारी वीज गेली होती. धुळीसाठी दाराची फळी अर्धी लावलेली होती. त्या अंधुक उजेडात, चष्मा पुसायला काढून ठेवलेला असताना, त्यांनी शाई भरली होती. किरमिजीची बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली. सील जसंच्या तसं. निळी अर्ध्यावर आली होती.

“केकेली,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, “गाढव कुठली.”

मशीनमधली किरमिजीची टाकी उपसायची तर नळीत भरलेली निळी शाईही ओढून काढावी लागणार. त्यासाठी मोठी सिरिंज हवी आणि सवयीचा हात हवा. गावात हे एकालाच जमत होतं, आणि तो समोरच्या रस्त्यावरच होता. वंडर क्लुत्से. त्याचं दुकान मॅडमच्या दुकानाच्या दुप्पट, आणि शुद्धलेखन चौपट भिकार. उद्योगशाळेत संध्याकाळी मुलांसाठीही वर्ग चालायचा तेव्हा वंडर तिथे शिकायला होता, आणि मॅडमनी त्याला सलग तीनदा नापास केलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना फक्त ‘सुप्रभात’ म्हणत, तेही संध्याकाळी भेटले तरी.

मॅडम रस्ता ओलांडून गेल्या. वंडरने त्यांना दारात पाहिलं आणि पस्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप असलेला तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला.

“मॅडम! माझ्या पाटीवर पुन्हा चूक सापडली का?”

“चूक आहे, पण ती राहू दे. तुझ्याकडे मोठी सिरिंज आहे?”

वंडरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मॅडमच्या बोटांना निळी शाई लागलेली होती. काल दिवसभर समोरच्या दुकानातून ‘बेडूक’, ‘सरडा’, ‘फाइलचा दोष’ हे शब्द रस्त्यावर येत होते आणि अख्ख्या अड्ड्याने ते ऐकले होते.

“मॅडम,” त्याने अगदी नम्रपणे विचारलं, “चाचणीचं पान काढलंत का?”

मॅडमचे कान तापले. “आज काढलं.”

“काल?”

“वंडर, तू येतोयस की नाही?”

तो आला. हत्यारांची पेटी घेऊन आला. त्याने टाकीतली शाई सिरिंजने ओढून काढली, नळी सोडवून तिच्यातली उपसली, पाण्यासारख्या औषधाने धुतली, किरमिजी भरली आणि सफाईचा फेरा सुरू केला. मशीन कण्हू लागलं. एका फेऱ्यानंतर मॅडमनी पुस्तिकेचं पान काढलं. टोग्बे जांभळे.

“वांगं,” वंडर म्हणाला.

दुसऱ्या फेऱ्यानंतर टोग्बे राखेसारखे झाले, तिसऱ्यानंतर विटकरी. शाई भसाभस जात होती. मॅडम मशीनकडे असं बघत होत्या जसं कोणी दवाखान्यात दाराकडे बघतं. पाचव्या फेऱ्यानंतर चाचणीच्या पानावर चारही पट्टे स्वच्छ आले. मग मॅडमनी सेलोर्मची अगदी पहिली फाइल, ‘आजोबा फायनल’, शुद्धलेखनाखेरीज कशालाही हात न लावता उघडली आणि छापली.

टोग्बे आग्बेमावा कागदावर आले. चकाकणारं तपकिरी कपाळ, लाल टाय, डाव्या गालावरचा तीळ, आणि वजनकाट्यावर कोणी लबाडी केल्यावर हसायचे तसं बारीक हसू. पोराने फोटो खरोखरच छान निवडला होता.

वंडर हात पुसत म्हणाला, “मॅडम, एक सांगू? कुणाला कळणार आहे? म्हणा, फाइल दुरुस्त केली. मी तोंड उघडणार नाही. देवाशपथ.”

झाकपाक करणं सोपं होतं. फाइलचा दोष होता, तो मी काढला, एवढं एक वाक्य. व्याकरणाने अचूक. गावात नाव राहिलं असतं, उलट वाढलंच असतं. पण मग सेलोर्मचं काय?

“मशीन सोड चालू,” त्या म्हणाल्या. “दोनशे काढ. स्वल्पविरामाला हात लावू नकोस. मी येतेच.”

त्यांनी एका हातात हिरवा कागद घेतला, दुसऱ्यात तपकिरी, आणि आधी आब्लाकडे गेल्या. आब्ला अंगणात मोठ्या टोपात मक्याचं पीठ ढवळत होती. मॅडमनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, “तुझ्या वडिलांना हिरवं मी केलं. लाल शाईच्या टाकीत निळी ओतली. पोराचा काही दोष नाही. आता चल माझ्याबरोबर धाकट्या घरी.”

आब्लाच्या हातातला दांडा थांबला. “मॅडम, पण मी तिथे जे काही बोललेय…”

“काय बोललीस?”

आब्लाने सांगितलं. सगळं सांगायला तिला बराच वेळ लागला.

“बाई गं,” मॅडम म्हणाल्या. “मग तर लवकर चल.”

आकुवी आजी ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती, किल्ली कमरेला. भोवती तिच्या मुली तोफा डागायला तयार. कोणीही पाणी विचारलं नाही, यावरून प्रकरण किती चिघळलंय ते मॅडमना कळलं. त्या उभ्याच राहिल्या, वर्गात मुलींना उभं करत तशा, आणि दोन्ही कागद आजीच्या मांडीवर ठेवले.

“आजी, हा हिरवा माझा. हा चांगला तुमच्या नातवाचा. मी चुकले आणि दिवसभर त्याला बोल लावला. आब्ला जे बोलली ते माझ्या सांगण्यावरून बोलली.”

“सगळं नाही,” आब्ला पुटपुटली. “म्हशीचं ते माझं मीच बोलले. माफ कर, आजी.”

आजीने हिरवा कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. तिचे खांदे हलू लागले. मुलींना वाटलं, रडतेय. एकजण पुढे झाली. आजी हसत होती. हसता हसता तिला खोकला आला.

“अगं, हा माझ्या लग्नाच्या दिवशीचा रंग!” ती म्हणाली. “मला आणायला मोठ्या बोटीतून सरोवर पार करून आला होता. वारा सुटला, बोट लागली बिचाऱ्याला. उतरला तो अस्सा! हिरवागार! माझा बाप म्हणाला, पोरी, हा रोगट दिसतो, याला देत नाही तुला. मी म्हटलं, द्या हो, जमिनीवर आला की पिकेल.”

ओसरीवर आधी कोणालाच हसावं की नाही ते कळेना. मग आब्लालाच फिस्सकन हसू फुटलं, आणि मागोमाग सगळ्या जणी हसत सुटल्या. कोणीतरी मक्याच्या गोड पेयाचे तांबे आणले. आजीने कमरेची किल्ली काढून आब्लाच्या हातात दिली आणि म्हणाली, “कापड नीट झटक. कसर लागली असेल.” हिरवा कागद मात्र तिने परत दिला नाही. घडी करून चोळीत ठेवला.

मॅडमनी तिथूनच सेलोर्मला फोन लावला. “तुझी पहिली फाइल बरोबर होती,” त्या म्हणाल्या. “माझी शाई चुकली होती. तुझ्या साहेबाला फोन दे, मी त्याला सांगते तू का रडत होतास ते.”

“नको मॅडम, कृपा करून नको!”

“बरं. एक मात्र सांगून ठेवते, ‘कृतज्ञ’मध्ये एकच ज्ञ असतो. मी सुधारलाय.”

शनिवारी टोग्बे आग्बेमावा आपल्या विणलेल्या कापडात, दोन्ही घरांच्या खांद्यांवरून गेले. बँडने नको तितकं वाजवलं. दोनशे पुस्तिका पुरल्या नाहीत. लोकांनी त्यांचा पंखा करून वारा घेतला, पोरांच्या डोक्यावर धरल्या, शेवटी घरी नेऊन भिंतीला लावल्या. दोन पाहुण्यांनी आब्लाला विचारलं की हे इतकं सुरेख कुठे छापलं. मॅडम मागच्या रांगेत निळ्या-पांढऱ्यात बसल्या होत्या आणि पाद्रीबुवा चरित्र वाचत असताना ओठांनी स्वल्पविराम मोजत होत्या.

पुस्तिकांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. करेजने त्यांच्या दारात रताळ्यांचं पोतं आणून टाकलं, तेही त्या परत करू पाहत होत्या. पण करेजने ट्रक चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण हॉर्न वाजवत निघून गेला.

ही गोष्ट गावभर झाली. पण कोणी हसायच्या आत मॅडम स्वतःच सांगायच्या. गिऱ्हाईक रंगाची तक्रार घेऊन आलं की “थांब, आधी मी काय केलं असेल ते बघते,” असं म्हणून मशीनकडे वळायच्या. सोमवारी वंडर आला. हातात त्याच्या दुकानाच्या नव्या पाटीचा मजकूर होता. तो काही न बोलता मॅडमच्या टेबलावर ठेवून उभा राहिला. मॅडमनी लाल पेन काढलं, सात चुका शोधल्या आणि कागद परत दिला.

“पास?” वंडरने विचारलं.

“काठावर,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याला बसायला स्टूल पुढे केलं.